अर्धवेळ जवानाचं गाऱ्हाणं

मी अर्धवेळ जवान. म्हणजे वर्षातले काही दिवस फौजेत आणि बाकीचे दादरच्या एका बँकेत, कॅशच्या खिडकीत. दोन्हीकडे लोक माझ्यावर खेकसतात, एवढंच साम्य. या खेपेला मात्र हुकूम आला तो थेट सीमेवर जायचा. त्याआधी छावणीत परीक्षा: पाठीवर ओझं, हातात बंदूक, आणि टेकडी वेळेत चढायची. नापास झाला तो घरी परत.

आमच्या लालबागच्या चाळीला हे शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. नाक्यावर बॅनर लागला. त्यात खाली कोपऱ्यात मी, तिकिटाएवढा. वर रांगेने शुभेच्छुक, ज्यांनी दिवाळीतली टिकलीसुद्धा कधी कान झाकल्याशिवाय फोडली नाही. शाल झाली, नारळ झाला. आता नापास होऊन तोच जिना चढण्यापेक्षा गोळी खाल्लेली बरी!

अडचण पोटाची. देशाची सीमा जागच्या जागी होती, माझीच रोज पुढे सरकत होती. म्हणून आईचा पाटा सॅकमध्ये कोंबला आणि गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरचे जिने चढू लागलो. तिथला वॉचमन मला कुरिअरवाला समजून वरच्या मजल्यांची पार्सलं हातात द्यायचा. मीही पोचवली. देशसेवाच ती.

आई मालवणीत कडाडली, "मेल्या, माशाचा वाटप खय वाटू? तुझ्या पाठीर?"

निघायच्या दिवशी मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीत गाऱ्हाणं घातलं. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, ही आमची कोकणातली रीत.

"बा देवा म्हाराजा, ह्यो आमचो झील शिमेवर चल्लो हा. त्येची इडापिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी पयला त्येचा पोट आत घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा होकार थेट परळपर्यंत गेला असणार. गप्प होती फक्त आई. दारात उभी राहून एकटीच काहीतरी पुटपुटत होती.

छावणीतल्या परीक्षेत टेकडीच्या निम्म्यावर माझे पाय संपले. आमचे हरियाणवी उस्ताद, म्हणजे कवायतीचे मास्तर, गरजले, "ए बाबू, खिड़की बंद हो गई क्या? ऊपर जाना है के नहीं?"

म्हणायचं होतं "जी उस्ताद". तोंडातून निघालं, "व्हय म्हाराजा!"

उस्तादांना वाटलं, ही मराठ्यांची जुनी रणगर्जना. "शाबाश! सब बोलो!" मग काय, नागपूरचा वकील, सुरतेचा हिरेवाला, सगळी तुकडी पावलापावलाला देवाला होकार भरत चढली. झुडपांतले ससेसुद्धा सावधानमध्ये उभे राहिले, मी स्वतः पाहिलं. मी पास!

संध्याकाळी आईला फोन लावला. रेंज छावणीच्या त्या एकाच कोपऱ्यात, तीही बेताची, म्हणून स्पीकर चालू. मागे तुकडी आपापल्या नंबरासाठी रांगेत.

"आये, पास झालंय!"

ती म्हणाली, "म्हणजे देवान माझा आयकल्यान नाय."

दारात ती काय पुटपुटत होती, ते तेव्हा कळलं.

"आता दुसरा गाऱ्हाणा घालतंय, तू होकार दी," ती म्हणाली. "बा देवा म्हाराजा, जसो गेलो तसो परत घराक आण रे म्हाराजा. पोटासकट."

एरवी अखंड चालणारं माझं तोंड नेमकं तेव्हाच बंद पडलं. पण मागची अख्खी रांग, अर्थ न कळता, सवयीने गरजली, "व्हय म्हाराजा!"