चांदीच्या रेघेचा कप

नातीनं मोबाइलवर एक जपानी वाटी दाखवली. फुटल्यावर लाखेसारख्या कशानं तरी जोडलेली, सांध्यावर सोनं घासून चमकवलेलं. "किती सुंदर ना, आजी?" माझ्या नाकात मात्र तापलेल्या लाखेचा वास शिरला.

पन्नास वर्षांपूर्वीचं कारंजा. सोनाराच्या दुकानात मी, बाबा आणि आमच्या मेडशीतले एक पाटील बसलो होतो. बाबा मास्तर होते, पाटलांच्या मुलांना घरी जाऊन शिकवायचे. पाटलांच्या चिनी मातीच्या सेटातला एक कप फुटला होता. सोनारानं तो लाखेनं सांधला, वर चांदीचा वर्ख बसवला आणि गुळगुळीत दगडानं घासायला लागला. काळी रेघ हळूहळू उजळत गेली. बाबा हरखून पाहत होते.

"एका कपासाठी एवढं कायले, पाटील?"

"तुमच्यासाठीच हाये, मास्तर. तुमचा कप घरच्या कपांत मिसळून जाते. आता आंधळ्यालेबी वळखू येईन."

आम्ही बौद्ध. आमचा कप त्या घरात वेगळाच असायचा, हे बाबांना ठाऊक होतं. तरी रेघेवरून त्यांची नजर हलेना.

सोनारानं मान वर न करता सांगितलं, "गरम चहा नोका टाकू याच्यात. लाख सुटते."

"मास्तरले थंडा करून देऊ," पाटील अगदी मायेनं म्हणाले.

पुढं बाबा घरीसुद्धा चहा पार निवल्यावरच प्यायचे. आई तो पुन्हा तापवायला उठली की म्हणायचे, "राहू दे. मले आता असाच लागते."