गरजेचा कोरा रकाना

सकाळपासूनच लातुरात घामट उकाडा होता, झाडाचं पानही हलत नव्हतं. आठवड्यानं नळ आला म्हणून तनुजा दारातल्या टाकीत पाइप सोडून शेजारीच लॅपटॉप घेऊन बसली होती. तेवढ्यात सोबत काम करणाऱ्या सत्यमचा फोन आला. क्लासच्या मुलींच्या हॉस्टेलवर लगेच या म्हणाला, एक बाप पोरगी न्यायला आलाय. पाइप तसाच ठेवून ती निघाली.

त्या हॉस्टेलच्या हजेरीचं सॉफ्टवेअर तनुजाच्या टीमनं बनवलेलं. संध्याकाळच्या हजेरीला मुलगी दिसली नाही तर घरी मेसेज जायचा; पण रेक्टरबाईंनी सगळं हॉस्टेल धुंडाळून बटण दाबल्याशिवाय तो सुटायचा नाही. ही अट तनुजानंच घातलेली. टीमच्या नोंदींत तसा निर्णय लिहिलाही होता. फक्त 'कोणत्या गरजेसाठी' हा रकाना कोरा सोडला. ती गरज एका आईनं रडत रडत सांगितली होती. अट नव्हती तेव्हा तिची लेक गच्चीवर वाचत बसलेली, आणि मेसेज गेल्यावर गावभर बोभाटा झाला की पोरगी पळाली. महिन्याभरात तिचं लग्न उरकलं. परक्याच्या लेकीची अब्रू नोंदीत कशाला, म्हणून तनुजानं काहीच लिहिलं नाही. पुढं मेसेज उशिरा जातात अशी तक्रार आली. टीममध्ये नव्यानं आलेल्या सत्यमनं नोंदी चाळल्या, निर्णयामागं कारण सापडेना, म्हणून ती अट काढून टाकली.

काल मुखेडकडची आरती अभ्यासिकेत पुस्तकावरच झोपून गेली, आणि मेसेज गेला.

तिचे वडील महादेवप्पा पायरीवर बसले होते. आरती बॅग भरून उभी, डोळे सुजलेले. तनुजानं हात जोडले. चूक आमची आहे, पोरगी आतच होती, तसं लेखी देते म्हणाली.

"लेखी कुनाला दाखवू, ताई? मला वाचता येत न्हाई. मेसेज हाटेलवाल्यानं वाचला, चार मानसांत. पोरगी इथंच हाय, हे मला दिसायलंय. गावाला कसं दाखवू?"

परीक्षेपर्यंत तरी राहू द्या, असं तनुजा परत परत विनवत राहिली. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पुन्हा असा मेसेज येनार न्हाई कशावरून?"

तनुजानं मागं उभ्या सत्यमकडं पाहिलं. पुस्तकं इथंच ठेवू का, असं आरतीनं हळूच विचारलं.

"घे संगं," महादेवप्पा म्हणाले. "इथं कोन येनार हाय परत?"

बापलेकीला घेऊन रिक्षा एसटी स्टँडकडं वळली.

"रकाना कोरा होता, मॅडम," सत्यम खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, ती अट कुनालाच नको हाय."

तनुजानं त्याच पायरीवर लॅपटॉप उघडला. अट परत घातली. रकान्यात लिहिलं, 'मुलगी आत असताना घरी मेसेज जाता कामा नये. गेला तर तिचं शिक्षण सुटतं. दोघींचं सुटलं.' नावं घातली नाहीत. नावं न घालता हे तेव्हाही लिहिता आलं असतं.

घरी आली तेव्हा टाकी भरून पाणी रस्त्यापर्यंत वाहत गेलेलं. नळाची धार बारीक झाली होती. तिनं पाइप ओढून काढला आणि रिकाम्या घागरी एकेक करून नळाखाली लावायला घेतल्या.