संत्र्याची सालं आणि गुलाबी नाला

लॅबमधली काचेची भांडी फुटून कमी होतात, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या नागपूरच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबमध्ये सत्तरच्या दशकात ते जरा जास्तच वाढले, कारण गावंडे सर! हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्याचं गुलाबी पाणी खालच्या वस्तीच्या नाल्यात जायचं. तो रंग संत्र्याच्या सालांनी शोषून घ्यायचा, हा सरांचा ध्यास. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, कारखान्यावर एकच ट्रायल. फसली तर प्रोजेक्ट बंद.

लॅबमध्ये पाहुण्याला चहा नाही, संत्रं मिळायचं. ते तिथेच सोलायचं आणि साल बादलीत टाकायची. एकदा बाहेरगावचे परीक्षक संत्रं खिशात घालून निघाले. सर जिन्यापर्यंत मागे धावले. "संत्रं न्या, साल ठेवून जा!"

माझी मैत्रीण कुंदा काटोलची. ती एसटीनं सालांचं पोतं आणायची. कंडक्टरनं एकदा पोत्यात हात घातला आणि तो चक्रावलाच. "काहून वं बाई, संत्री कोनं खाल्ली?"

कुंदा शांतपणे म्हणाली, "ते वाया गेले भाऊ. कामाचं एवढंच उरलं."

पहिल्या प्रयोगात गुलाबी रंग गेला आणि पाणी पिवळं झालं. सालांनी आपलाच रंग सोडला! प्रमुख म्हणाले, "छान. एक काढला, दुसरा घातला." आम्ही रडकुंडीला आलो. सरांनी मात्र दुसऱ्या दिवशी सालं आधी उकळून, धुऊन, वाळवून घेतली. मग पाणी असं नितळ आलं की कुंदानं मला मिठीच मारली.

शेवटी ट्रायलचा दिवस उजाडला. कारखान्यावर खालची वस्तीही बघायला जमली. सालांचा चुरा भरलेल्या पिंपात वरून गुलाबी पाणी सोडलं, खालून स्वच्छ पाणी आलं. प्रमुखांनी बीकर उन्हात धरून मान डोलावली. पण वस्तीतल्या कमलाबाईंचा बीकरवर विश्वास नव्हता. त्यांनी नवऱ्याचं कोरं पांढरं धोतर त्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि झटकून उन्हात धरलं.

पांढरं! सगळी वस्ती ओरडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कमलाबाई तडक घरी गेल्या आणि भलंमोठं गाठोडं घेऊन आल्या. आत वस्तीभरची धोतरं, सदरे, लुगडी, नाल्यात धुऊन धुऊन सगळी गुलाबी.

"सर, पान्यातला रंग काढला न तुमी? आता यातलाबी काढून द्या."

सरांनी अंगातला कोट काढून प्रमुखांच्या हातात दिला, आणि बाह्या वर केल्या.