नाव घेतल्याशिवाय पुढची चाकं फिरेनात

आधीच सांगते, मी या भुताखेतांच्या सदरात लिहिणाऱ्यांतली नाही. वाचणाऱ्यांतली आहे, आणि तेही हसण्यासाठी. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... हे सगळं मी कामाच्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवते. हसता हसता त्यांचे हात भरभर चालतात. मांजर आडवं गेलं तर मीही ब्रेक मारते, पण तो मांजरासाठी. दारात टांगलेली लिंबू-मिरची पाहिली की मला मिरची फुकट गेल्याचं वाईट वाटतं. तेव्हा पुढचं लिहिताना मलाच किती अवघड जातंय, हे ध्यानात घेऊन वाचा.

मी सोनईची. लग्न, बारसं, दहावा, सगळ्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. स्वयंपाक घरामागच्या शेडमध्ये करायचा आणि पातेली गाडीत चढवून जागेवर न्यायची, असं काम. गाडी मीच चालवते. आमचे हे शुगर फॅक्टरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर माझ्याकडे कामाला लागलो, असं ते सांगतात. मी म्हणते, माझ्या मागे लागले.

गाडी त्यांच्याच पसंतीची. जुनी पिकअप, पण फोर-व्हील-ड्राइव्ह! मी म्हटलं होतं, "वरण-भात पोचवायचाय, हिमालयात जायचं नाही." तर म्हणाले, "चिखलात कळेल तुला." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा गाडीला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावतात आणि मीटरजवळ हिरवा दिवा लागतो. विकणाऱ्याने अंगणात लावून दाखवला होता, दिवा झकास लागला होता, यांनी मान डोलावली होती. त्यानंतर चिखलात जायची वेळच आली नाही.

आली ती कमलच्या मुलीच्या लग्नात.

कमल माझी शाळेतली मैत्रीण. नवरा लवकर गेला, शेती तिनेच ओढली. मुलीचं लग्न तिने वस्तीवर, दारातच मांडव घालून करायचं ठरवलं. सोनईहून नेवाशाच्या अंगाला निघालं की मध्येच डांबरी सोडून पाटाच्या चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, कडेने कच्चा रस्ता आत जातो. डाव्या हाताला चारी, उजव्या हाताला ऊस, टोकाला कमलची वस्ती. एप्रिल महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही. पण पाटाला पाणी सुटलेलं होतं, आणि वऱ्हाडाच्या गाड्या आत गेल्यावर कोणा शहाण्याने चारी फोडून आपल्या शेतात घेतलं होतं. ते शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त आलं. तिथली जमीन काळी. बूट घालून गेलेला माणूस अनवाणी परत येतो.

अर्ध्या वाटेत आमची मागची चाकं रुतली. मागे पातेली, मठ्ठ्याचं पिंप, जिलेबीच्या पराती, पुऱ्यांची कणीक, आणि त्या सगळ्याला धरून बसलेल्या लताबाई आणि रंजना. लताबाई माझ्याकडे जुन्या. हाताला चव आहे, तोंडाला लगाम नाही. कोणाचंही लग्न असो, त्यांना नाव घेतल्याशिवाय करमत नाही. त्यांचे बबनराव तिकडे सायकलच्या दुकानात पंक्चर काढत असतात आणि इकडे त्यांच्या नावाने यमकं जुळत असतात.

"दांडा ओढ," हे म्हणाले. आवाजात गाडी घेतल्यापासून साठवलेला आनंद होता.

ओढला. हिरव्या दिव्याने डोळा मिचकावला आणि विझला. मागची चाकं जागच्या जागी फिरून उसावर चिखल उडवत राहिली.

"क्लच पूर्ण दाब. न्यूट्रल कर. आता ओढ."

नाही.

"जरा रिव्हर्स घे, मग ओढ. कधीकधी दाते जुळत नाहीत."

रिव्हर्स घेतली. दाते जुळले नाहीत, गाडी मात्र आणखी खाली बसली. मग यांनी फ्यूज काढला, पुसला, फुंकला, बसवला. इंजिन बंद करून चालू केलं. बॉनेट उघडून एक नळी हलवली. शेवटी शर्ट काढून गाडीखाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा डोळे तेवढे ओळखू येत होते. "वायर सैल होती," म्हणाले, "आवळली. आता लागलाच पाहिजे."

नाही.

तेवढ्यात कमलचा फोन. "मंगे, कुठं हायेस गं? अक्षता पडल्या. नवरदेवाचं मामा लई तापलेत. म्हनत्यात, जेवन न्हाई तर हायवेला हॉटेल हाय, आमी वऱ्हाड घिऊन तिकडं जातो."

"ट्रॅक्टर पाठव."

"वऱ्हाडाच्या गाड्यांनी कोंडलाय. निगंल कसा?" मग आवाज बारीक करून म्हणाली, "मंगे, पोरीच्या लग्नातनं वऱ्हाड उपाशी उठलं तर तिला जन्मभर ऐकावं लागंल गं."

मी "पोचते" म्हटलं आणि फोन ठेवला. कशी पोचणार, ते मला माहीत नव्हतं. पंगत माझी होती. मामा उठले असते तर माझ्यामुळे उठले असते, आणि टोमणे खाल्ले असते त्या पोरीने. मी पुन्हा दांडा ओढला. काही नाही. मागून लताबाई ओरडल्या, "ताई, असं मुकाट बसून जिलेबी वातड व्हायची. मी आपली नाव घेती!"

"घ्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"कढईतली पुरी फुगली टम्माटम,
बबनरावांच्या नावानं निघू द्या टमटम!"

"बबनरावांच्या" म्हणता म्हणता हिरवा दिवा लागला. पुढची चाकं खाडकन जुळली, गाडीने उसळी मारली आणि आम्ही चिखलातून भस्सकन पुढे आलो. हे बाजूला उडी मारून ओरडले, "बघ! वायरच होती!"

थोडं पुढे गेलो आणि दिवा विझला. पुन्हा रुतलो.

पुन्हा क्लच, न्यूट्रल, दांडा. काही नाही. यांनी वायर आणखी आवळली. काही नाही. लताबाईंनी तोच उखाणा परत म्हटला. काही नाही. "शिळं चालत न्हाई वाटतं हिला," असं म्हणून त्यांनी ताजा काढला —

"नवरदेवाच्या मामाला राग आला फार,
बबनरावांचं नाव घेऊन चिखल करू पार!"

दिवा लागला. गाडी निघाली.

"योगायोग," हे खिडकीला लटकून म्हणाले.

"तर मग तुम्हीच लावा योगायोग," मी म्हटलं. पुन्हा रुतलो तेव्हा त्यांनी लावून पाहिला. लागला नाही. मग रंजनाने लाजत लाजत घेतलं, "मठ्ठ्याला कोथिंबीर, भाताला तूप, संतोषरावांना जिलेबी आवडते खूप." संतोषराव म्हणायचा अवकाश, दिवा हजर!

मी पुन्हा सांगते, मी असलं काही मानत नाही. पण पातेल्याखाली जाळ लावला आणि पाणी उकळलं, तर मी जाळच लावणार. वादावादी करत बसले नाही. बबनराव, संतोषराव, बबनराव, संतोषराव, असं करत आम्ही वस्तीच्या अलीकडच्या मोरीपर्यंत, त्या बुटक्या पुलापर्यंत, आलो. तिथे रस्ता खोलगट होता आणि पाणी साचलेलं. मांडवातला लाऊडस्पीकर ऐकू येत होता. गाडी नाकापर्यंत फसली. उखाणा झाला, दिवा लागला, चारी चाकं फिरली, पण वजन फार होतं.

"वजन कमी करा," हे म्हणाले. लताबाई आणि रंजना जिलेबीच्या पराती डोक्यावर घेऊन बांधावर उतरल्या. तिथून लताबाईंनी एक सणसणीत उखाणा फेकला. दिवा ढिम्म. रंजनाने घेतला. ढिम्म. गाडीत बसूनच नाव घ्यायला लागतं, हे तेव्हा कळलं. आणि गाडीत मी एकटीच होते.

"ताई, तुमी घ्या!"

"मला येत नाही."

"येत न्हाई म्हंजी? लगीन झालंय न्हवं?"

झालंय. पण जावांनी दार अडवून नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मी यांचं नाव सांगितलं होतं, आडनावासकट. नाव विचारलं, नाव सांगितलं. त्यात ताट-वाटी-समई कशाला? त्यानंतर मला कोणी आग्रह केला नाही.

हे गुडघाभर चिखलात, गाडीच्या बाजूला, उसाकडे बघत उभे होते. "घेऊन तर बघ," म्हणाले. "तेवढ्या वेळात वायर जरा निवेल."

मी सुरुवात केली. "पुढे चिखल, मागे चिखल, मधे अडकला टेम्पो..." आणि थांबले. टेम्पोला मराठीत यमक नाही, तुम्हीही करून बघा. बांधावरून रंजना ओरडली, "शाम्पू!" फोन परत वाजायला लागला. कमलच असणार. मी दांड्यावर हात ठेवला आणि डोळ्यांसमोर जे होतं तेच म्हणून टाकलं.

"डावीकडे पाट, उजवीकडे ऊस,
भानुदासराव म्हणजे भलताच हट्टी माणूस!"

"भानुदासराव"ला दिवा लागला. अशी निघाली गाडी की मठ्ठ्याचं झाकण उडून उसात गेलं. मागे बांधावर लताबाई टाळ्या वाजवत होत्या आणि हट्टी माणूस चिखलातून धावत येत होता.

मांडवात पोचलो तेव्हा मामांचा एक पाय जीपमध्ये होता. कमल दुसऱ्या पायापाशी हात जोडून उभी होती. मी पातेल्याचं झाकण उघडलं, आमटीचा वास सुटला, आणि लताबाई बांधावरून आल्या त्याच पावली परात घेऊन मामांसमोर उभ्या राहिल्या. "आधी तोंड गोड करा मामा, मग खुशाल जावा." मामांनी जिलेबीकडे पाहिलं. पाय जीपमधून खाली आला. पंगत बसली. कमल माझा हात धरून काहीतरी बोलणार होती, मी म्हटलं, "नंतर रड, आधी मीठ वाढायला कोणीतरी दे." मामांनी जिलेबी तीनदा मागून घेतली आणि जाताना कमलला म्हणाले, "बाई, जेवन झ्याक हुतं."

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. लताबाई आणि रंजना पाठवणीसाठी मागे राहिल्या. गाडीत रिकामी पातेली आणि आम्ही दोघं. आणि मोरी तिथेच होती.

रुतलो. दांडा ओढला. काही नाही. क्लच, न्यूट्रल, रिव्हर्स, फ्यूज, सगळं झालं. मी म्हटलं, "मी घेणार नाही. एकदा घेतलं."

"त्यात मला हट्टी म्हटलंस."

"यमक जुळत होतं."

हे समोरच्या काचेतून बघत राहिले. गाडीचा विषय सोडला तर दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस हा, त्यातले चार "चहा झाला का गं". घसा साफ केला. मग एकदम, न अडखळता म्हणाले —

"पाटाला पाणी सुटलं की उसाला येते गोडी,
मंगलच्या हाती दिली मी संसाराची गाडी."

दिवा लागला. डांबरी येईपर्यंत विझला नाही. मी गाडी चालवली. ते खिडकीबाहेर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "वायर बदलून घेऊ."

बदलली. गाडी नगरला नेली. तिथल्या मेकॅनिकने दिवसभर खालून-वरून तपासली, अंगणात दहा वेळा दांडा ओढून दाखवला, दहाही वेळा दिवा लागला. "मॅडम, काहीच फॉल्ट नाही," म्हणाला. मी त्याला उखाण्यांचं सांगितलं नाही. त्याने गाडीऐवजी मला तपासायला पाठवलं असतं. पण कोरड्या अंगणात शहाण्यासारखी वागणारी ही गाडी खरा चिखल दिसला की अजूनही नाव मागते, तेही नवं. कोणाला यामागचं कारण माहीत असेल तर कळवा. भूत-बीत म्हणू नका, ते मी मानत नाही. आणि "वायर" म्हणू नका, तीन बदलून झाल्यात.

परवा एका बारशाची ऑर्डर घेऊन निघालो होतो. सगळा रस्ता डांबरी, चिखलाचा पत्ता नाही. सहज शेजारी पाहिलं, तर यांचे ओठ हलत होते, आणि बोटं गुडघ्यावर यमकाचा ताल धरत होती. पुढे उजवीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, तो जरा लांबचा पडतो... मी तिकडे वळवली.