वल्ह्याला बांधलेला शर्ट

"दिसला होता," माझा भाऊ म्हणाला. "वल्ह्याला बांधलेला शर्ट मला दिसला होता, बाय."

हातातला बोंबील मी खाली ठेवला. वीस-बावीस वर्षं तो मला सांगत आला होता की माझा नवरा बुडाला त्या दिवशी त्याला काहीच दिसलं नाही.

हे निघालं नातीच्या पुस्तकातून. आम्ही ओटीवर सुके बोंबील निवडत होतो, भाऊ चहा पीत होता आणि ती मोठ्याने वाचत होती. स्पेनचा एक जुना दर्यावर्दी. राजाने त्याला पलीकडच्या समुद्राची वाट शोधायला धाडलं. समुद्राएवढ्या रुंद नदीच्या तोंडाशी तो पोचला. थोडी माणसं घेऊन छोट्या होडीतून काठावर उतरला, आणि तिथल्या लोकांनी त्यांना मारलं. जहाजावरचे बघत राहिले. मग त्याच्या मेव्हण्याने जहाजं वळवली आणि घर गाठलं.

"बहिणीला काय तोंड दाखवलं असेल मेल्यानं?" मी म्हटलं.

"तू काठावर बसून बोलतेस," भाऊ एकदम चिडला. "वारा उठलेला, जाळं पाण्यात. माणूस काय करील?"

"जाळं? त्या जहाजावर जाळं कुठलं रे?"

त्याने कप खाली ठेवला. मग ते शर्टाचं बोलला.

आमच्या सातपाटीत होडी बंद पडली की वल्ह्याला शर्ट बांधून ते उभं धरतात. ज्याला दिसेल त्याने जायचं. जाळं ओढायला वेळ नसेल तर कापून टाकायचं. भावाचं जाळं त्या वर्षी नवीन होतं. त्याने ते कापलं नाही, ओढत बसला. ओढून होईपर्यंत वारा वाढला आणि त्याने बोट घराकडे फिरवली.

"मला वाटलं, मागून कोण तरी येल."

दर भाऊबीजेला मी याला ओवाळलं.

आणि खरं सांगणारा माणूस तेव्हाच माझ्या दारात आला होता. नवऱ्याच्या होडीवरचा खलाशी. रिकामा डबा छातीशी धरून तो रात्रभर तरंगला होता. "बाय, तुमच्या भावाची बोट आमाला बघून फिरली," असं तो म्हणाला. सगळ्या आळीसमोर मी त्याला खोटारडा म्हटलं. तांडेलाला, माझ्या नवऱ्याला, बुडू दिलंस आणि माझ्या भावावर ढकलतोस, म्हटलं. तो गाव सोडून सफाळ्याला गेला, भातशेतीवर राबू लागला.

"चहा झाला ना?" मी भावाला म्हटलं. "आता ऊठ. परत या ओटीवर चढू नको."

"बाय, सख्खा भाऊ हाय मी तुझा."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सफाळ्याला गेले. तो खलाशी अंगणात दोरी वळत होता. त्याने मला ओळखलं, पण उठला नाही.

"तू खरं बोलला होतास," मी म्हटलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला, आणि दोरी वळत राहिला.

त्या होडीवर चौघे होते. माझा नवरा, त्याचे दोन चुलतभाऊ आणि हा. हा एकटा जगला.