पणजीच्या डब्याला पॉलिश

डबा चकाचक होऊन घरी आला आणि माझं डोकं फिरलं.

चार पुडांचा तो पितळी डबा माझ्या पणजीचा. सोलापूरच्या गिरणीत ती सूत गुंडाळायच्या खात्यात होती; भाकरी-पिठलं भरून भोंग्याच्या आधी घर सोडायची. डबा तिने स्वतःच्या पगारातून घेतला आणि झाकणावर आपलं नाव घालून घेतलं. घरातल्या बाकी भांड्यांवर पणजोबांचं नाव होतं, ती सगळी घासायची हिनेच. या एकावर फक्त तिचं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, पुढे नवऱ्याचं नाव न लावता.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांपायी आम्ही कपाटं विकली, पलंग वाटून टाकले. डबा मात्र मी मांडीवर घेऊन जयपूरला आणला. विद्याधर नगरच्या फ्लॅटमध्ये तो काळवंडलेला नवऱ्याला बघवेना. माझ्या पन्नाशीची भेट म्हणून त्याने तो गुपचूप जुन्या शहरातल्या पितळेच्या दुकानात दिला. नुसती कल्हई करून आणली असती तर मी तोंडभर कौतुक केलं असतं. पण दुकानदाराने झाकण मशीनवर धरलं आणि अक्षरं साफ गेली. वर त्याने विचारलं, नाम क्या डालना है, तर या गृहस्थाने आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. भांड्यावर घरच्या पुरुषाचंच नाव घालतात, त्यात विचार कसला करायचा?

मी तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणे, अक्षरं तशीही पुसट झाली होती. पुसट होती, पण होती ना! गिरणी गेली, चाळ गेली, तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. ती बाई कुठे लिहिलेली होती तर या झाकणावर. वर हा मला पाणी आणून देत होता, त्याचाही राग येत होता.

शेवटी समजूत घालायला म्हणाला, "अगं, उद्या परत नेतो. माझ्या नावाखाली तिचंही घालून आणतो."

"खाली?"

"बरं, वर घालतो."

"काय घालशील? सांग, काय नाव होतं तिचं?"

लग्नापासून तो डबा त्याच्या डोळ्यांसमोरच्या फळीवर होता. त्याने झाकण उचललं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि काही वाचता येतंय का ते बघत राहिला.