दांडे कापलेलं अळू

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न तळ्याकाठच्या एका तणाने जमवलं, असं आमच्या भावकीत म्हणतात. मी जमवलं, असं कोणीही म्हणत नाही. सांगून सांगून मी आता थकलो आहे.

मी मूळचा लोणी भापकरचा. दोन शेळ्यांवर सुरुवात करून तीस वर्षं शेळ्यांचा व्यापार केला आणि सांगवीला कालव्याखाली जमीन घेतली. जमिनीच्या खालच्या अंगाला पाझराचं एक तळं आयतं मिळालं. (आयतं कसलं, त्यासाठी आधीच्या मालकाशी चार महिने भांडलो होतो.) तळ्यात आणि काठावर नाना तऱ्हेची हिरवळ होती. आमच्या जिरायत गावात पाण्यातली वनस्पती म्हणजे रांजणातलं शेवाळ, त्यामुळे मला त्यातलं काहीच ओळखता येत नव्हतं. पण मालक मी होतो. मालकाला ओळखता येत नाही म्हणजे काय?

रेश्माचं लग्न ठरवायची ही तिसरी खेप होती. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळे मोडली, असं घरातल्यांचं मत. (पहिलं मांडवाच्या जागेवरून मोडलं, दुसरं पेढ्यांवरून. पेढे शिळे होते, एवढंच मी म्हणालो.) या वेळचा मुलगा इंदापूरकडचा, तिने स्वतः पसंत केलेला. बैठकीच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. "पप्पा, ह्या वेळी मोडलं तर मी परत कुणापुढं पोहे घेऊन येणार न्हाय." रडली असती तर समजूत काढली असती. ती रडली नाही.

बैठकीच्या जेवणात अळूवडी करायची म्हणून बायकोने, सुनंदाने, मला बारामतीच्या मंडईत पाठवलं. मी जुडीचा भाव अर्ध्यावर मागितला. विकणारी बाई पानांवर पाणी शिंपडत म्हणाली, "काळ्या दांड्याचं हाय, वडीचं. घ्यायचं तर घ्या." मी उठून चालू लागलो. दोनदा मागे वळून पाहिलं. तिने हाक मारली नाही. तीस वर्षांच्या धंद्यात मला कोणी हाक मारली नाही, असं प्रथमच घडत होतं! डोकं फिरलं. माझ्याच तळ्याकाठी अळूचं रान माजलेलं, आणि मी हिच्यापुढे वाकू?

तळ्यावर जाऊन चांगली मोठाली पानं कापली. दांडे हिरवे निघाले. बाईचं 'काळ्या दांड्याचं' आठवलं, तेव्हा सगळे दांडे विळ्याने उडवून तळ्यात फेकले आणि पानं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली.

"अहो, दांडे कुठं गेले?" सुनंदाने पुडकं उघडताच विचारलं.

"त्या बाईनं कापून दिले."

"ती कशाला कापंल?"

"आता तिला जाऊन इचारू का?"

वय कळू नये म्हणून दात दाखवत नसलेल्या शेळीकडे मी बघतो, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चिंच जरा जास्त भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आबा आणि आबांची थोरली बहीण, आत्याबाई. माझ्या खिशात अकरा मागण्यांचा कागद होता. आत्याबाईंच्या हातात वही होती. बाई मला पाहताक्षणी आवडली.

जेवणाआधी आबांवर छाप पाडावी म्हणून मी त्यांना तळ्यावर नेलं. आबांचं रान उजनी धरणाच्या फुगवट्याला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे वेखंड," मी म्हणालो.

आबांनी पान चुरगळून हुंगलं. "वास न्हाय की. पानकणीस हाय, अण्णा. ते बघा, कणीस बी आलंय." कणीस खरंच आलं होतं. चांगलं वीतभर.

"आन ही कमळं."

"कुमुद म्हणायची. कमळाचं पान पाण्याच्या वर उभं ऱ्हातं. हे पाण्यावर पडलंय, आन एका अंगाला चिरलेलं हाय."

तिसऱ्या झाडाशी मी त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. "हे अळू. घरचं. आमी हेच खातो."

आबांनी एक दांडा वाकवून पाहिला. "हेच?"

"रोज."

पाण्यावर माझे कालचे दांडे तरंगत होते. आबा ते निरखून बघत राहिले आणि हात धुऊन वर आले.

रोज म्हटल्यामुळे मला पाच वड्या खाव्या लागल्या. आत्याबाईंनीही आवडीने खाल्ल्या. आबांनी आपल्या आणि मुलाच्या ताटातल्या वड्या उचलून बहिणीच्या ताटात ठेवल्या. "अक्का, तुला आवडत्यात." भावाबहिणीचं प्रेम बघून मला भरून आलं.

जेवणं उरकली आणि मी मांडवाचा विषय काढला. 'मांडव आमच्या दारात' यातल्या 'दारात'पर्यंत मी पोहोचलोच नाही. घशात कोणी मूठभर सुया टाकल्यासारखं झालं. तेवढ्यात आत्याबाईंनी वही उघडली, "पयलं म्हंजे" म्हणाल्या, आणि त्यांचाही हात गळ्याला गेला. सुनंदा चिंचेचं पाणी, गूळ, ताक जे हाताला लागेल ते घेऊन धावली. आम्ही दोघं समोरासमोर बसून ताक पीत होतो. दोघांच्याही जिभा तोंडात मावत नव्हत्या.

आवाज गेला तरी सवय जाते का? मी खांद्यावरचा टॉवेल आबांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. शेळीबाजारात सौदा असाच होतो, न बोलता.

आबांनी टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "अण्णा, पोरगी हाय. शेळी न्हाय."

मग ते रेश्माकडे वळले. तिला लग्न कसं हवंय ते त्यांनी विचारलं, तिने सांगितलं, सुनंदाने दोन गोष्टी जोडल्या. चहा उकळेपर्यंत सगळं ठरलं. लग्न इंदापूरला. माझ्या अकरापैकी नऊ गोष्टी आबांनी न मागता मान्य केल्या. दहावी दाखवायची मला लाज वाटली. (वाचा गेली की लाज येते, हा माझा अनुभव आहे.) अकरावी आता आठवत नाही.

गाडीत बसताना आबा हळूच म्हणाले, "आमच्या अक्कानं बी दोन ठिकाणं मोडल्यात. तळ्यातलं हिरवं दांडं बघितलं, खाजरं अळू वळखलं आन म्हटलं, वाट निघाली. तुमी रोज खाता म्हणल्यावर तुमाला तरी कसं आडवायचं?"

याला आता पाच वर्षं झाली. आज धाकट्या मुलाच्या लग्नाची बैठक होती. सुनंदा सकाळीच एकटी तळ्यावर जाऊन आली. पाहुणे बाहेर हातपाय धूत असताना तिने माझ्यापुढे अळूवड्यांची बशी ठेवली. दांडे तिने फेकले नव्हते. ओट्यावर मांडून ठेवले होते, हिरवेगार, मला दिसतील असे. वेखंड आणि पानकणीस यांत मी अजून चुकतो. हे अळू मात्र आता मला डोळे मिटूनही ओळखता येतं.

मी दोन वड्या खाल्ल्या. तिसरी मागून घेतली.